चिलगोजे सांगतील

रवा भाजायला घड्याळ लागत नाही,
नेबाहात मावशी म्हणाली, चिलगोजे सांगतील.
तेवढ्यात मुदान्याच्या धक्क्यावरून
सहाच्या फेरीबोटीचा भोंगा आला
आणि ती गप्प झाली.
त्या बोटीची तिकिटं एकतीस वर्षं
सित्की काकांनी फाडली.

दुपारीच पुरुष त्यांना टेकडीवर ठेवून आले.
बुटांची माती जिन्यात अजून ओली होती.
खालच्या घरात आम्ही पाच बायका,
एक जाड बुडाचं पातेलं, आणि लोणी:
आधी फेस, मग पिवळं, मग निवळ.
त्यात चिलगोजे. त्यांच्यावर रवा.
आणि डाव, या हातातून त्या हातात.

थांबायचं नाही, एवढाच नियम.
डाव जिच्या हाती, तिने गेलेल्याचं काहीतरी आठवायचं;
वास वर जातो, म्हणतात,
आणि वर गेलेल्याला कळतं
खाली अजून कुणी ढवळतंय.
मी शाळेत विज्ञान शिकवते.
काही बोलले नाही. ढवळलं.

मुयेस्सेरला आठवलं,
तिच्या पोराला बिनतिकीट पकडून
काकांनी स्वतःच्या खिशातून तिकीट काढलं,
वर कानही पिळला.
हाजेरबाईला काहीच आठवेना.
ती फातिहा पुटपुटत राहिली, डोळे मिटून,
आणि रवा तळाला लागता लागता वाचला.

मग पुन्हा माझी पाळी. मनगट भरून आलेलं.
मला आठवला जिन्यातला त्यांचा खोकला.
बल्ब बदलायच्या निमित्ताने वर यायचे,
धड असलेला बल्ब काढायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे,
आणि उतरताना हळूच:
"एक खडीसाखर? चहाला नाही. नुसतीच."
डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, मला ठाऊक होतं.
मी द्यायची. दर शुक्रवारी.
हे मी फक्त डावाला सांगितलं.

चिलगोजे बदामी झाले.
"दूध ठेव," मावशी म्हणाली, "साखर मी आणते,"
आणि थेट शेगडीकडे गेली,
जी आठ वर्षांत पेटली नव्हती,
जिच्या राखेच्या कप्प्यात तिने डबा दडवला होता.
झाकण उघडलं. आत साखर होती.
साखरेत एक चिमुकला चमचा,
धक्क्यावरच्या चहावाल्याचा, दांड्याला वाकलेला.

ती आधी नुसती बघत राहिली.
मग हसू फुटलं. सुतकाच्या घरात, पदर न शोधता, खदखदून.
"आठ वर्षं," ती म्हणाली, "आठ वर्षं मी डबा भरतेय
आणि स्वतःला सांगतेय, मुंग्या नेतात!"
हाजेरबाईची फातिहा अर्ध्यात अडली.
हसता हसता मावशीचे डोळे माझ्यावर आले:
"आणि एका बल्बला इतके जिने कोण चढतं गं?"
मी रवा ढवळत राहिले. कान तापले, 
आता ते आचेनेच असणार.

साखर तिने मुठीने घातली.
"आज मोजायची नाही."
उकळतं दूध ओतलं तेव्हा पातेलं चर्र किंचाळलं,
वाफेने खिडकी आंधळी झाली,
रवा फुगला, रुसला, शेवटी कडा सोडून गोळा झाला.
वर फडकं, वर झाकण. मुरू दे.
त्या अर्ध्या तासात कुणालाच बोलायचं नव्हतं,
म्हणून सगळ्या बोलल्या.

बशा निघाल्या शेजारी, समोर, बेकरीत.
मला मावशीने धक्क्यावर पाठवलं.
तिकिटांच्या खिडकीत नवा पोरगा होता, मिसरूडही न फुटलेला.
बशी फटीतून जाईना.
तिरकी धरली, तरी नाही.
शेवटी तो उठला, आतून कडी काढली,
रांग तशीच ठेवून बाहेर आला
आणि उभ्या उभ्या खाल्लं त्याने, बोटांनी.
"कुणाचा?" त्याने विचारलं.
मी खुर्चीकडे बोट दाखवलं.
पाठ टेकून टेकून तिचा रंग जिथे उडाला होता, तिथे.